गाडीत कोणी राहिलंय का

खारबंदरची बाजारपेठ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलं तर बारा मिनिटांची आहे. जॉयसी डांटसने ते अंतर हातात घड्याळ धरून नऊ वेळा मोजलं होतं. कधी एकटीने, कधी भाजीची पिशवी घेऊन, एकदा सहा वर्षांच्या भाच्याचं बोट धरून. नगरपंचायतीत ती कंत्राटावर होती. वर्षभर राबून तिने एक योजना उभी केली होती. मे महिन्यात सकाळी दहा ते रात्री आठ पेठेत एकही वाहन सोडायचं नाही. गाड्या गावाबाहेरच्या जत्रेच्या मैदानात लावायच्या, आणि तिथून पुढे माणसांनी चालायचं.

योजना काही हौसेने आली नव्हती. आदल्या मे महिन्यात पर्यटकांच्या गाड्या आणि मासळीचा टेम्पो पेठेत असे अडकले की दोन तास कोणाला पुढे जाता येईना की मागे येता येईना. त्याच आठवड्यात दहावीतल्या एका मुलीच्या पायावरून चाक गेलं. तेव्हा सगळ्यांनीच म्हटलं होतं की काहीतरी करायला हवं. करायची वेळ आल्यावर मात्र दुकानदार फिरले. गिऱ्हाईक दारात गाडीतून उतरतं म्हणून दुकानात शिरतं, मैदानातून चालत कोण येणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा पुढारी भाई कापडवाला. पेठेतलं सर्वात जुनं साड्यांचं दुकान त्याचं.

योजनेत सहा कलमं होती. चौथं कलम असं होतं की मैदान ते पेठ बॅटरीवर चालणाऱ्या दोन गाड्या फिरतील, म्हाताऱ्या माणसांसाठी आणि ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी. त्या गाड्या वेळेत आल्या नाहीत. पुरवठादाराने जूनची तारीख दिली. मुख्याधिकाऱ्यांनी जॉयसीला बोलावून विचारलं, थांबायचं की सुरू करायचं? थांबलं तर मे हातचा जाणार होता आणि भाईच्या मंडळींना वर्षभराचा अवधी मिळणार होता. जॉयसी म्हणाली, सुरू करूया. आणि वर सहज हसून म्हणाली, "एका महिन्याचा तर प्रश्न आहे, सर. म्हातारी माणसं मेच्या उन्हात बाजारात येतात कशाला?"

सुरुवातीचे तीन दिवस धाकधुकीतच गेले. चौथ्या दिवशी, मंगळवारी, चार वाजता नगरपंचायतीची सभा होती आणि योजना ठेवायची की गुंडाळायची ते तिथे ठरणार होतं. सभेत दाखवायला आकडे हवेत म्हणून जॉयसी दुपारी पाऊणच्या सुमारास मैदानात गाड्या मोजायला गेली.

मैदानात झाड असं एकच, कडेचा वड, आणि त्याच्या सावलीतल्या जागा सकाळी नऊलाच भरलेल्या. बाकीच्या साठ-सत्तर गाड्या उघड्यावर रांगेने उभ्या. तापलेल्या पत्र्यांवरून हवा थरथरत होती. फाटकाशी गुरुदासकाका खुर्ची टाकून बसले होते. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते, निवृत्त झाल्यावर हे काम धरलं होतं. येणाऱ्या प्रत्येक गाडीला ते चिठ्ठी फाडून द्यायचे आणि मालकाचा मोबाईल नंबर वहीत लिहून घ्यायचे.

जॉयसी पहिल्या रांगेत असतानाच मागे कुठेतरी एका गाडीचा अलार्म वाजायला लागला. अर्धा मिनिट वाजला आणि थांबला. तिने काकांकडे पाहिलं.

काका कंटाळून म्हणाले की ती गाडी बाराच्या आधीपासून असंच करते आहे. चार-पाच वेळा तरी झालं असेल. आजकालच्या गाड्या कावळा बसला तरी बोंबलतात. आधी एकदा ते उठून बघून आले होते, जवळपास कोणी नव्हतं.

जॉयसी मोजत तिसऱ्या रांगेत पोचली. अलार्म वाजणारी गाडी पांढरी होती. मागच्या काचांना आतून काळ्या जाळीचे पडदे लावलेले, पुढच्या दाराची काच दोन बोटं खाली. मागच्या सीटवर पिशव्या आणि खोकी रचलेली दिसत होती. तिने वहीत रेघ ओढली आणि पुढे निघाली. दोन पावलं गेली असेल, तेव्हा काचेवर काहीतरी घासल्यासारखा आवाज झाला.

ती मागे वळली. जाळीला आतून एक तळहात टेकलेला होता.

क्षणभर तिला वाटलं की तिथून निघून जावं. ही गोष्ट तिने पुढे कोणाला सांगितली नाही, पण तसं वाटलं होतं खरं. मग ती काचेला डोळे लावून उभी राहिली. पिशव्यांच्या पलीकडे एक म्हातारी बाई कलंडलेली होती. नऊवारी लुगडं, डोक्यावरचा पदर खाली आलेला, तोंड उघडं. चेहरा लालबुंद आणि कोरडा. घामाचा एक थेंब नव्हता त्यावर. हात काचेवरून हळूहळू घसरत खाली गेला आणि अलार्म परत सुरू झाला.

"काका!" ती ओरडली. "गाडीत माणूस आहे!"

गुरुदासकाका धावत आले. दोघांनी चारही दारं ओढून पाहिली. सगळी बंद. जॉयसीने काच बडवत आजीला खुणेने सांगितलं, आतून कडी ओढा. आजीने डोळे उघडले, पण ते तिच्यावर ठरले नाहीत. नंतर कळलं की कडी तिने कितीतरी वेळा ओढली होती. घरात लहान मूल होतं म्हणून मागच्या दारांना मुलांचं लॉक लावून ठेवलेलं होतं. ते दार आतून उघडतच नाही. आजीने ओढलं, हलली, धडपडली की अलार्म वाजत होता, आणि तो वाजतो आहे म्हणून कोणी लक्ष देत नव्हतं.

काकांनी वही उघडली. गाडी पावणेबाराला आली होती. जॉयसीने नंबर लावला. रिंग गेली, आणि तीच रिंग त्या दोन बोटांच्या फटीतून बाहेर ऐकू आली. फोन गाडीतच होता, पुढच्या बाजूला, चार्जरला लावलेला. जॉयसी तो स्वतःच वाजवत होती आणि ऐकत होती.

पेठेत जाऊन माणसं शोधायची तर जायला दहा मिनिटं, यायला दहा. शोधायला किती ते देवाला माहीत. १०८ ला फोन केला तर रुग्णवाहिका कणकवलीकडे गेलेली, अर्धा तास लागेल म्हणाले. आजी आता काचेकडे बघत नव्हती.

"काच फोडूया," जॉयसी म्हणाली.

काका एकदम मागे सरले. परक्या माणसाची गाडी. गेल्याच महिन्यात नुसता ओरखडा उठला म्हणून एका पोराला लोकांनी मारलं होतं. आपण गरीब माणसं, असं काहीतरी ते पुटपुटत होते. जॉयसीने त्यांचं ऐकलं नाही. तिने बांधाचा एक जांभा चिरा उचलून पुढच्या दाराच्या काचेवर घातला. चिऱ्याचाच तुकडा उडाला. काचेवर नुसता तांबडा डाग राहिला. परत घातला, चिरा दुभंगला. हाताची सालटी निघाली. तिला रडू यायला लागलं. आपल्याला हे जमणार नाही आणि ही बाई आपल्या डोळ्यांदेखत मरेल, असं तिच्या मनाने घेतलं.

तेव्हा गुरुदासकाका पहार घेऊन आले. दोऱ्या बांधायला खांब पुरले होते, त्यासाठी आणलेली पहार फाटकाशी पडलेली असायची. त्यांनी ती जॉयसीच्या हातात दिली नाही.

"तू सर गो बाय बाजूक," ते म्हणाले. रोज ते तिला मॅडम म्हणायचे.

त्यांनी चालकाच्या काचेच्या कोपऱ्यात पहारेचं टोक घातलं. काच भुगा होऊन खाली बसली. आतून जी हवा बाहेर आली ती भट्टीसारखी होती. जॉयसीने हात घालून पुढचं दार उघडलं, आत सरकून मागचं लॉक काढलं. आजीला बाहेर ओढताना तिच्या दंडाचा जो चटका बसला तो जॉयसी विसरू शकत नाही. जिवंत माणसाचं अंग इतकं तापतं हे तिला माहीत नव्हतं. आजी फक्त एकदा कण्हली.

काकांनी आपल्या घागरीतलं सगळं पाणी तिच्या डोक्यावर, मानेवर, छातीवर ओतलं. फाटकाबाहेर एक रिक्षा उभी होती, तीत दोघांनी तिला उचलून घातलं. जॉयसी आत बसली, आजीचं डोकं मांडीवर घेतलं, ओल्या ओढणीने वारा घालत राहिली. डॉक्टरांचा दवाखाना पेठेच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि पेठेच्या तोंडाशी तिनेच बसवलेली साखळी. रिक्षावाल्याने वळून विचारलं, मॅडम, बाहेरून जाऊ? बाहेरून म्हणजे खाडीवरून वळसा, वीस मिनिटं.

"आतूनच जा."

साखळीपाशी नेमलेल्या बाईने लांबूनच जॉयसीला ओळखलं आणि साखळी खाली टाकली. रिक्षा पेठेत शिरली. रस्त्यात एक गाडी नव्हती. माणसं होती, पण हॉर्न ऐकून ती दुकानांच्या पायऱ्यांवर चढत होती. दोन मिनिटांत रिक्षा दवाखान्याच्या दारात उभी राहिली. आदल्या वर्षी याच वेळी इथून सायकलसुद्धा गेली नसती. हे जॉयसीच्या ध्यानात आलं, आणि अशा वेळी आपल्याला योजनेचं कौतुक सुचतं आहे याची तिला भीती वाटली. मांडीवर आजीचा श्वास घरघरत होता. मधेच तो थांबायचा. तो परत सुरू होईपर्यंत जॉयसी आपलाही धरून ठेवायची.

डॉक्टरांनी आजीला आत घेतलं, बर्फ मागवला, सलाईन लावलं. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, किती वेळ होती गाडीत? जॉयसी म्हणाली, तास सव्वा तास. डॉक्टर लगेच परत आत गेले. ती बाहेरच्या बाकावर बसली. काकांनी मैदानातून फोन करून कळवलं की माणसं सापडली, येत आहेत.

ती चौघं होती. मुलगा गुरुप्रसाद, त्याची बायको शर्मिला, लग्न ठरलेली मुलगी सलोनी आणि धाकटा चार वर्षांचा. धामापूरच्या पलीकडचं गाव त्यांचं. भात आणि काजू. सलोनीच्या लग्नाची खरेदी करायला आले होते. गुरुप्रसाद दवाखान्यात शिरला तो ओरडतच. गाडी कोणी फोडली? पण बाकावर ओली ओढणी घेऊन बसलेली जॉयसी त्याला दिसली, आतल्या दारातून आईचे पाय दिसले, आणि तो बाकावर टेकला.

तो जॉयसीला सांगत राहिला, तिने काही विचारलं नव्हतं तरी. दर वेळी आपण दुकानाच्या दारात गाडी लावतो, आई गाडीतूनच साडी बघते, मालक बाहेर येऊन दाखवतो. आज कळलं की गाडी मैदानात लावायची. आईचे गुडघे गेलेले. ती म्हणाली, तुम्ही जाऊन या, मी बसते. पंधरा मिनिटांत येतो म्हणालो. काच थोडी खाली केली. चावीने लॉक केलं, सवयीने. पंधरा मिनिटं जायलाच लागली. मग साड्या. मग मुलगी म्हणाली आणखी एक बघूया. शर्मिला भिंतीला टेकून खाली बसली होती. सलोनी कोणाकडेच बघत नव्हती.

अडीच वाजता डॉक्टर म्हणाले, ताप उतरतो आहे, पण लघवी होईपर्यंत मी काही सांगणार नाही. जॉयसी तिथेच बसून राहिली. तिला आपलंच वाक्य ऐकू येत होतं. म्हातारी माणसं मेच्या उन्हात बाजारात येतात कशाला. ते वाक्य खोलीत फक्त मुख्याधिकाऱ्यांनी ऐकलं होतं, आणि तेही बहुधा विसरले असतील. तरी तिला असं वाटत होतं की आत्ता कोणीतरी दार उघडून येईल आणि ते मोठ्याने म्हणून दाखवेल.

पावणेचार वाजता नर्सने सांगितलं, आजी शुद्धीवर आली, पाणी मागते. जॉयसी आत गेली नाही. तिला ते डोळे परत बघायचे नव्हते. ती उठून सभेला गेली.

सभागृह गच्च भरलं होतं. गोष्ट पेठभर झाली होती. भाई कापडवाला पहिल्या रांगेत बसला होता. आता हा उठेल आणि आपल्याला फाडून खाईल, हे जॉयसी धरूनच आली होती. म्हणून तिने स्वतःच आधी उठून सांगितलं. चौथं कलम काय होतं, ते पुरं न करता सुरुवात करा असं कोण म्हणालं, आणि का. ते उन्हाचं वाक्यही तिने जसंच्या तसं सांगितलं. सांगताना तिने टेबल धरलं होतं.

मग भाई उठला. सत्तरीचा माणूस, नेहमी चढ्या आवाजात बोलणारा. त्या दिवशी मागच्यांना नीट ऐकू गेलं नाही.

"ती माणसं माझ्याच दुकानात होती," तो म्हणाला. "त्या बाईने मला सांगितलं होतं, सासूबाई गाडीत बसल्या आहेत, लवकर दाखवा. मी पार्किंगला शिव्या दिल्या. सरबत मागवलं. आणि आणखी दहा साड्या काढल्या."

एवढं बोलून तो खाली बसला. योजनेच्या बाजूने नाही, विरुद्ध नाही, पुढे एक शब्द बोलला नाही.

सभेने ठरवलं ते असं. योजना चालू राहील. बॅटरीच्या गाड्या येईपर्यंत मैदानावर सकाळपासून चार रिक्षा पाळीने उभ्या राहतील आणि ज्यांना चालवत नाही त्यांना फुकट दुकानाच्या दारात सोडतील. साखळी त्यांच्यासाठी उघडेल. फाटकावर प्रत्येक गाडीवाल्याला विचारायचं, गाडीत कोणी राहिलंय का, आणि दर अर्ध्या तासाने रांगांतून फिरायचं. दुसऱ्या दिवसापासून गुरुदासकाका फिरू लागले. प्रत्येक काचेला कपाळ टेकून, दोन्ही हातांनी उजेड अडवून ते आत बघायचे. पर्यटक चिडायचे. काका ऐकून घ्यायचे. जॉयसीला झोप लागेना. लागली तर रिंग ऐकू यायची.

बारा दिवसांनी ती धामापूरला जाऊन तिथून त्यांच्या वाडीवर गेली. आजीचं नाव यशोदा. ओटीवर बसून काजू सोलत होती. चेहरा उतरला होता, डावा हात अजून सुजलेला होता. गुरुप्रसादने जॉयसीला पाट दिला आणि तो काहीतरी निमित्त काढून बागेत गेला. घरात तो अजून आईच्या समोर बसून जेवत नाही, असं शर्मिलाने हळूच सांगितलं.

आजीने तिला ओळखलं नाही. सांगितल्यावर तिने हातातलं बाजूला ठेवलं. मग आपणहून बोलायला लागली.

"पयली माका वाटला, येतीतच. मगे गरम होवक लागला. दार ओढलंय तर ती गाडी बोंबलाक लागली. माका वाटला, माजा कायतरी चुकला. म्हणान दर वेळी मी हात काढून गप ऱ्हवलंय. कोणतरी येवन बघून गेलो. माका तो दिसलो. माजी आरड तेका आयकाक येवक नाय."

तो माणूस म्हणजे गुरुदासकाका. जॉयसीने ते सांगितलं नाही. काकांनाही पुढे कधी सांगितलं नाही.

पण आपल्या वाक्याचं तिने सांगितलं. त्यासाठीच ती आली होती. आजीने ऐकून घेतलं. रागावली नाही, की जाऊ दे असंही म्हणाली नाही.

"खराच आसा," ती म्हणाली. "उन्हात माका कित्याक जावचा होता? पण नातीची साडी माका सोताच्या डोळ्यांनी बघूची होती."

सलोनीने आतून साडी आणून दाखवली. हिरवी, बारीक जरीची. आजीने ती हातात घेऊन बघितली आणि चांगली आहे म्हणाली.

लग्न महिनाअखेरीला कणकवलीत हॉलवर होतं. आजी गाडीत बसायला तयार होईना. सगळ्या काचा खाली करतो म्हणाले, पुढे बसवतो म्हणाले, दार हाताने धरून ठेवतो म्हणाले. ती अंगणात उभी राहिली, पुढे येईना. शेवटी गुरुप्रसादने मैदानावरच्या रिक्षावाल्यांपैकी एकाला फोन केला. जॉयसीला हे त्या रिक्षावाल्याकडूनच कळलं. दोन्ही बाजू उघड्या ठेवून तो तिला घेऊन गेला. शेजारी गुरुप्रसाद बसला होता, कोट घालून. कणकवलीपर्यंत दीड तास लागला. वाटेत तीनदा तिने रिक्षा थांबवायला सांगितली. खाली उतरायची, रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभी राहायची, आणि मग कोणी काही न म्हणता परत येऊन बसायची.